थोरल्याला गादी, मग धाकट्यांना काय?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते: लढाई हरलात तर एखादा परगणा जातो, सोयरीक चुकली तर तीन पिढ्या जातात. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या खेळाबद्दल होती ती. त्यावर लढायांबद्दल एकही पत्र आलं नाही. आलेली सगळी पत्रं लग्नांची, पोरांची आणि वाटण्यांची. म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने तो सप्टेंबर २०२० मध्ये आणला. यात तुम्ही देश चालवत नाही, एक माणूस जगता. ८६७ किंवा १०६६ अशा एखाद्या ठरलेल्या सालापासून सुरुवात करायची, तो माणूस मेला की त्याचा वारस व्हायचं, तो मेला की त्याचा, असं करत १४५३ गाठायचं. वारस तुमच्याच घराण्यातला नसेल तर खेळ तिथेच खलास.

मी हा खेळ निवृत्तीनंतर शिकले, भाचीने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर. शेजारी दोनशे पानी वही असते. तिच्यात मी वंशावळी काढते, पेन्सिलीने. पेनाने का नाही, ते पुढची पत्रं वाचून कळेल.

ताई, आयर्लंडमध्ये मन्स्टरच्या मुर्खादपासून सुरुवात केली. दक्षिणेचा बराच मुलूख जिंकला. सहा मुलगे झाले, वाटलं आता घराणं भक्कम झालं. राजा मेला आणि थोरल्याच्या हाती दोन परगणे उरले. बाकीचे पाच भाऊ माझ्याच जमिनी घेऊन माझ्याच उरावर बसलेत. कुठे चुकलं? — सहा पोरांचा बाप

सहा पोरं झाली, तिथेच चुकलं. नाव मुर्खाद असलं म्हणून मूर्ख तो नव्हता हो. त्याला तुम्ही सहा मुलगे दिलेत.

रागावू नका, मीही हेच केलंय. माझ्या पहिल्या डावात सात होते. प्रत्येक बाळंतपणाला मी खुर्चीत बसल्या बसल्या खूश व्हायचे. नवा खेळाडू वारस नसण्याला भितो आणि इथेच फसतो. या खेळात वारस नसण्याने जेवढी घराणी बुडतात त्याच्या कितीतरी पट वारस जास्त झाल्याने बुडतात.

कारण असं. सुरुवातीला बहुतेक राजांच्या गळ्यात ‘कॉन्फेडरेट पार्टिशन’ नावाचा वाटणीचा कायदा अडकवलेला असतो. थोरल्याला मुख्य किताब आणि राजधानी, इतरांना आपापला तुकडा. इथवर ठीक. खरी मेख पुढे आहे. तुमच्या ताब्यातला मुलूख पुरेसा मोठा असेल, तर तुम्ही कधी घेतलाच नव्हता असा दुसरा किताब हा कायदा तुमच्या मरणाच्या दिवशी स्वतः तयार करतो आणि धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. तुम्ही दोन राज्यांएवढी जमीन जिंकून शहाणपणाने एकाच राज्याचा मुकुट घातलात, तरी दुसरा मुकुट आपोआप उगवतो. मग धाकटा थोरल्याचा मांडलिकही राहत नाही, बरोबरीचा राजा होतो. थोरल्यालाच सारं देणारा कायदा, प्रिमोजेनिचर, उत्तर मध्ययुगाच्या शोधांमध्ये येतो, आणि ते युग १२०० च्या आधी उघडतच नाही. म्हणजे १०६६ ला बसलात तर चार-पाच पिढ्या भाऊबंदकीतच काढायच्या.

खेळ बनवणाऱ्यांनी हे पदरचं घातलेलं नाही. १०६६ च्या नकाशात स्पेनच्या वायव्येला जाऊन पाहा. तिथे तीन भाऊ शेजारी शेजारी बसलेले दिसतील. त्यांचा बाप, फर्नांदो पहिला, १०६५ च्या डिसेंबरात वारला. त्याने कॅस्टील सांचोला, लेऑन अल्फोन्सोला आणि गॅलिशिया गार्सियाला दिलं होतं. १०७१ मध्ये दोघा थोरल्यांनी मिळून धाकट्याचं गॅलिशिया गिळलं. पुढच्याच वर्षी सांचोने अल्फोन्सोला हरवून परागंदा केलं आणि त्याच वर्षी सामोराच्या वेढ्यात स्वतः मारला गेला. अल्फोन्सो परतला, तिन्ही राज्यं त्याची झाली. गार्सिया पुढे कैदेतच १०९० मध्ये मेला. बापाने प्रेमाने केलेली वाटणी सात वर्षंही टिकली नाही.

आता उपाय. पहिला, दोन मुलगे झाले की थांबा. थांबायचं कसं, असं विचाराल. खेळात स्त्रीला पंचेचाळिसाव्या वर्षानंतर मूल होत नाही. पहिली राणी वारली आणि घरात दोन मुलगे असले, तर दुसरं लग्न चाळिशी उलटलेल्या, कारभारात मुरलेल्या बाईशी करा. मांडलिक कुजबुजले तर कुजबुजू देत. राणी तुमच्या मंत्रिमंडळात बसते, तिच्या गुणांचा वाटा तुमच्या गुणांत मिळतो. तिचं स्टुअर्डशिप, म्हणजे कारभाराचं कौशल्य, चांगलं असेल तर तुमच्या ताब्यात जास्त परगणे मावतात. माझ्या आजवरच्या राण्यांत सर्वांत कामाची राणी लग्नात त्रेचाळीस वर्षांची होती.

दुसरा उपाय जिवंत असतानाच करायचा. धाकट्याच्या वाट्याला येईल असा मुलूख राजधानीपासून दूर कुठेतरी जिंकून ठेवा. वाटणी होणारच असेल तर निदान ती तुमच्या मूळ जहागिरीच्या बाहेर होऊ द्या. बाहेर काहीच नसलं की कायदा घरातल्याच परगण्यांवर सुरी चालवतो. तुमचं नेमकं हेच झालं. तिसरा उपाय, धाकट्याला मठात जाण्याची गळ घालणं. बापावर माया असलेली भाविक पोरं ऐकतात, उरलेली तोंडावर नाही म्हणतात. चौथा, वारसाहक्क काढून घेणं. घराण्याच्या कर्त्याला ते करता येतं, पण त्यासाठी रिनाउन, म्हणजे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या साठवलेला लौकिक, मोठ्या प्रमाणात खर्च होतो. पाच पोरांना बेदखल करायला बसलात तर आजोबांपासूनची पुंजी एका दुपारी संपेल.

आणि एकावरही थांबू नका. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीला औरस मुलगा एकच होता. तो ११२० च्या नोव्हेंबरात ‘व्हाइट शिप’ नावाच्या जहाजाबरोबर बुडाला. अनौरस मुलं वीसच्या वर होती, पण गादीला एकही चालेना. हेन्री ११३५ मध्ये गेला आणि त्याची मुलगी मटिल्डा व भाचा स्टीफन यांचं युद्ध पुढे कितीतरी वर्षं चाललं. माझ्या वहीत म्हणून पहिल्या पानावर लिहिलंय: दोन. एक गादीचा, एक राखीव.

मी टस्कनीची मटिल्डा घेऊन खेळत होते. चांगलं स्थळ पाहून लग्न केलं, गुणी मुलगा झाला. मटिल्डा वारली आणि पडद्यावर एकदम ‘गेम ओव्हर’! मुलगा असताना? — चिडलेली डचेस

मुलगा होता, पण तो तुमच्या घराण्याचा नव्हता. नेहमीच्या लग्नात पोर नवऱ्याच्या कुळाचं होतं. टस्कनी त्याला मिळालं, पण त्याचं आडनाव त्याच्या बापाचं. खेळ जमीन पाहत नाही, कूळ पाहतो.

लग्नाच्या खिडकीत ‘मॅट्रिलिनियल’ असा छोटासा चौकोन असतो. त्यावर टिचकी मारली की घरजावई. पोरं आईच्या कुळाची. अर्थात घरजावई व्हायला कोणता गडी सहजासहजी तयार होतो? जो स्वतः गादीचा वारस आहे त्याचे वडील लाल फुली दाखवतात. म्हणून राजांचे तिसरे-चौथे मुलगे शोधा. ज्यांना घरी काही मिळणार नाही असे. त्यांच्यात हिरे असतात, आणि बापही ‘सुटलो’ म्हणून हो म्हणतो.

ज्यांना फक्त मुलीच आहेत अशा राजांनीही हे आत्ताच वाचून ठेवावं. थोरलीला गादी मिळते, तुम्ही ती होऊन खेळू लागता, सगळं छान चाललेलं असतं. तिचं लग्न तुम्ही पंधरा वर्षांपूर्वी साध्या पद्धतीने लावून दिलेलं असतं हे तुम्ही विसरलेले असता. खेळ मुलीपाशी संपत नाही, नातवापाशी संपतो. मुलीचं लग्न ठरवताना चौकोन पाहा, मगच आहेर पाहा.

इटलीतल्या टस्कनीच्या खऱ्या मटिल्डाची गोष्ट तुमच्या डावाहून फार निराळी नाही. तिने दुसरं लग्न १०८९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, विशीही न गाठलेल्या वेल्फशी केलं. ते टिकलं नाही. १११५ मध्ये ती अपत्यहीन वारली आणि तिच्या जमिनींवरून पोप आणि सम्राट पुढे बराच काळ भांडत बसले.

सगळ्या मार्गदर्शिकांत ‘जिनिअस’ बायको शोधा म्हणतात. मी तीन पिढ्या घराण्यातल्या घरात लग्नं लावली, गुण टिकावा म्हणून. आता वारस ‘इनब्रेड’, म्हणजे रक्तातल्या लग्नांमुळे जन्मतःच दुबळा, निघाला. आता? — कॉलेजमधला एक सम्राट

अरे, वंश म्हणजे लोणचं नव्हे, जुन्यातच जुनं घालून मुरवायला!

गुणाचा मोह मला कळतो. जिनिअस असेल तर प्रत्येक कौशल्यात पाच गुण जास्त, शिवाय शिकणं भराभर. आईबाप दोघांत तो असेल तर पोरात उतरण्याची शक्यता चांगली वाढते, आणि खालच्या पायरीचा, म्हणजे ‘क्विक’ किंवा ‘इंटेलिजंट’, दोघांत असेल तर पोर वरच्या पायरीवरही जाऊ शकतं. पण त्यासाठी चुलत बहीणच कशाला हवी? खेळातल्याच शोधयंत्रात गुण टाक, वय टाक, सगळ्या जगाची यादी समोर येते. कुठल्यातरी दूरच्या दरबारात कुणाचीच मुलगी नसलेली एक तल्लख पोरगी बसलेली असते. खानदान नाही म्हणून लग्नात प्रेस्टीज जाईल. जाऊ दे. प्रेस्टीज दोन लढायांत परत येतो, रक्त दोन पिढ्यांत साफ होत नाही.

मी पाळते तो हिशेब सांगते. स्वतःचं आणि वारसाचं लग्न रक्तासाठी, बाकी भावंडांची आणि मुलींची लग्नं फौजेसाठी. शेजारचा बलाढ्य राजा युतीत हवा ना? त्याच्या मुलाला तुझी मुलगी दे. वाङ्‌निश्चय झाला तरी युती होते, पोरं मोठी होईपर्यंत थांबावं लागत नाही. फक्त युती माणसांची असते, राज्यांची नव्हे. व्याही मेले की ती बहुधा त्यांच्याबरोबर जाते. आणि ते जिवंत असेपर्यंत त्यांच्या लढाईचं बोलावणं तुलाही येतं, तेही नेमकं तुझ्या घरात बंड पेटलेलं असताना.

इनब्रेड पोराला बेदखल कर, धाकट्याला पुढे आण, आणि त्याची बायको लांबून आण. लांबून म्हणजे नकाशा उलटा करून.

वारसाचा पालक कोणाला करावा? मी स्वतः राहू की दरबारातला सर्वांत हुशार माणूस नेमू? माझा राजा शूर आहे पण डोक्याने बेताचा. — गोंधळलेला बाप

तुमचं पत्र सगळ्यांत महत्त्वाचं. लोक लग्नात जीव ओततात आणि पोराचं शिक्षण पहिल्या सुचवलेल्या नावावर टिचकी मारून मोकळे होतात.

आधी पोराकडे पाहा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे या खेळात अगदी शब्दशः खरं आहे, फक्त तिसऱ्या वर्षी दिसतात. तेव्हा त्याला बालस्वभाव मिळतो. ‘राउडी’ म्हणजे दांडगट, त्याला युद्धविद्या किंवा कारस्थान जमतं. ‘बॉसी’ म्हणजे सगळ्यांवर हुकूम सोडणारा, त्याला युद्ध किंवा कारभार. ‘चार्मिंग’, लाघवी, तो मुत्सद्देगिरीत किंवा कारस्थानात चमकतो. ‘क्युरियस’ चौकस पोराला मुत्सद्देगिरी किंवा विद्या. ‘पेन्सिव्ह’, एकटा विचार करत बसणारा, त्याला विद्या किंवा कारभार. सहाव्या वर्षी शिक्षण सुरू होतं, सोळाव्याला संपतं. चौकस पोराला तलवार हातात देऊन सेनापती करण्याचा हट्ट धरलात, तर दहा वर्षांनी हाती मध्यम दर्जाचा सेनापती येतो आणि एक उत्तम मुत्सद्दी वाया गेलेला असतो.

पालकाचं त्या विषयातलं कौशल्य आणि त्याची स्वतःची विद्वत्ता, दोन्हींवर पोराचं शिक्षण किती वर जाईल हे ठरतं. त्या हिशेबाने तुमचा बेताचा राजा बसत नाही. पण थांबा. शिक्षणाबरोबर पोराला तीन स्वभावगुण मिळतात, आणि पालक तुम्ही स्वतः असाल तर त्यांत तुम्हाला बोलता येतं. पोर नोकराच्या अंगावर धावून गेलं, आता काय करायचं? पर्याय समोर येतात: रागीट होऊ द्यायचं, की दुसरीकडे वळवायचं. तुमच्या स्वतःच्या स्वभावाविरुद्ध पर्याय निवडलात तर तुमचा ताण वाढतो. बाप दयाळू आणि पोराला कठोर करायचंय, तर रात्री झोप बापाची उडते.

हे गुण म्हणजे शोभेची चिन्हं नव्हेत. हा मुलगा उद्याचे तुम्ही आहात. तो लोभी झाला तर कुणालाही भेट म्हणून सोनं देताना तुमचा ताण चढेल. दयाळू झाला तर बंडखोराचं डोकं उडवताना. भिडस्त झाला तर मांडलिकांची मनं वळवायला गेलात की प्रत्येक वेळी. तीस-तीस वर्षं त्या कातडीत राहायचंय. म्हणून मी शिक्षणाच्या चार चांदण्यांपेक्षा आधी हे पाहते की मला या माणसात राहवेल का. माझा सल्ला: वारसाचे पालक तुम्हीच व्हा, शिक्षण एखादी पायरी खाली राहिलं तरी चालेल. राखीव मुलाला दरबारातल्या पंडिताकडे द्या.

मी उलटं केलं होतं एकदा. शेजारच्या राज्यात एक विलक्षण विद्वान सरदार होता. विद्वत्तेचा आकडा पाहून माझे डोळे दिपले आणि एकुलता वारस मी सहाव्या वर्षी त्याच्याकडे पाठवला. आकड्याच्या शेजारी त्याचा धर्म आणि संस्कृती लिहिलेली होती, ती मी पाहिलीच नाही. पालक आपला धर्म आणि आपली रीत पोराला लावू शकतो. सोळाव्या वर्षी पोरगा घरी आला. शिक्षण अव्वल. धर्म परका, भाषा परकी. राजा पुढल्या हिवाळ्यात गेला आणि मी तो परका मुलगा होऊन सिंहासनावर बसले. माझे सगळे मांडलिक माझ्याकडे पाहत होते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याशेजारी लाल आकडा. तीन बंडं झाली. तिसऱ्यात मी पडले. ते पान वहीत अजून आहे, खोडरबराने अर्धवट खोडलेलं.

राणीला दहा वर्षं मूल नाही. घटस्फोट मागितला तर पोप नाही म्हणतो. — ८६७ मधला एक दुःखी

राणीच्या माथी दोष मारण्याआधी स्वतःचं पान उघडा. तुमचं वय? ‘चेस्ट’, म्हणजे विषयसुखापासून दूर राहणारा, स्वभाव आहे का? मागे कधी ब्रह्मचर्य पत्करून विसरला नाहीत ना? हसू नका, असं एक पत्र आधी आलेलं आहे.

बाकी ८६७ मध्ये आहात, तर नकाशावर लोथारिंगियाच्या दुसऱ्या लोथारला भेटा. त्याचं दुखणं हेच. राणी ट्युटबेर्गापासून मूल नाही, वाल्ड्राडाशी लग्न करायचंय, तिच्यापासून मुलगाही आहे, आणि पोप निकोलस पहिला काही केल्या ऐकेना. लोथार ८६९ मध्ये वारला. मुलगा अनौरस ठरला. वर्षभरात दोघा काकांनी राज्य आपसांत वाटून घेतलं. तेव्हा पोपशी सलोखा वाढवा, पुण्य साठवा, आणि भावाला नीट सांभाळा. पुतण्याही तुमच्याच कुळाचा असतो.

मेलेला वारस परत आणायला जुना सेव्ह लोड करणं पाप आहे का?

नाही. फक्त घरी कुणाला सांगू नका. मी सांगितलेलं नाही.

मला राजेरजवाडे झेपत नाहीत. मी ‘मिडीव्हल डायनस्टी’ खेळतो. गाव वसवलं, शेतं केली, लग्न राहूनच गेलं. राचिमिर आता चाळिशीचा आहे. उशीर झाला का? — गावचा पाटील

अजून नाही, पण आजच उठा.

इतरांसाठी सांगते. रेंडर क्यूब या पोलिश चमूचा हा खेळ २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. इथे गादी-बिदी नाही. अठरा वर्षांचा राचिमिर युद्धातून पळून एका खोऱ्यात काकाकडे येतो. काका आधीच गेलेला असतो. मग स्वतः लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, माणसं बोलवून गाव करायचं. घराणं इथेही आहे, पण ते कुऱ्हाडीपासून सुरू होतं.

आता हिशेब करा. नेहमीच्या मांडणीत एक ऋतू तीन दिवसांचा, म्हणजे वर्ष बारा दिवसांचं. वारस अठराचा झाल्याशिवाय कामाचा नाही. अठरा गुणिले बारा, दोनशे सोळा दिवस. तेही मूल आज झालं असं धरून. त्याआधी एखादीशी बोलणं वाढवायचं, तिची ओढ वाढेपर्यंत रोज थोडं थोडं. गोड बोलायचं म्हणून जे दिसेल ते वाक्य निवडू नका, चुकीच्या वाक्याने ओढ कमीही होते. तुम्ही चाळिशीत आहात, पोर अठराचं होईल तेव्हा साठीच्या उंबऱ्यावर असाल. सेटिंगमध्ये ऋतूचे दिवस वाढवता येतात, पण त्याने वर्ष लांबतं, वय नाही. तुमचा घोटाळा वयाचा आहे, उन्हाळ्याचा नाही.

आणखी एक. बायको गरोदर झाली की आणि बाळ लहान असेपर्यंत तिचं काम बंद. तिला शिवणकामाच्या किंवा स्वयंपाकाच्या जागी नेमली असेल तर आधीच दुसरं माणूस शोधून ठेवा. माझ्या गावात हिवाळ्याच्या तोंडावर नेमकं हे झालं आणि स्वयंपाकघर बंद पडलं. अख्खं गाव माझ्याकडे बघत उभं. लग्न झाल्यावरही तिच्याशी बोलत राहा, ओढ आपोआप टिकत नाही. दिवसभर हरणांच्या मागे रानात आणि रात्री घरी येऊन थेट पलंगावर, असं करणारे नवरे खेळातही नकोसे होतात.

थोरला ‘स्लो’ आहे, धाकटा जिनिअस. थोरल्याचा गुपचूप काटा काढू का? — नाव नको

नाव मी छापतही नव्हते.

काढता येतो. पण उघडकीस आलं तर ‘किनस्लेअर’, म्हणजे आप्तांचा मारेकरी, हा शिक्का कपाळी बसतो, आणि तो पाहून तुमच्या जवळचे, सोयरे, मांडलिक सगळे दूर सरकतात. दयाळू स्वभावाचे असाल तर उघडकीस न येताही तुम्ही आतून पोखरले जाल. बेदखल करणं महाग वाटतं म्हणून खून स्वस्त वाटतो, एवढंच.

काही जण मधला मार्ग काढतात. ढ मुलाला नाइट करायचं, प्रत्येक लढाईत पुढे ठेवायचं आणि देवाच्या हवाली सोडायचं. मी केलंय ते. लाज वाटते, पण केलंय. वर ज्या अल्फोन्सोचं सांगितलं, त्याचा एकुलता मुलगा ११०८ मध्ये उक्लेसच्या लढाईत पडला आणि पुढच्या वर्षी बापही गेला. मी म्हटलं, माझा का नाही पडणार? पाच लढाया झाल्या. पाचही वेळा तो परत आला, एकदा चेहऱ्यावर व्रण घेऊन, एकदा शत्रूचा सरदार कैद करून. दरम्यान माझा जिनिअस धाकटा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, एकोणिसाव्या वर्षी देवीच्या साथीत गेला.

ढ गादीवर बसला. कौशल्यांचे आकडे असे की पाहवत नव्हते. बायको मात्र मी त्याला हुशार करून दिली होती, कारभार तिने पाहिला. त्याने एकेचाळीस वर्षं राज्य केलं. मुलगे दोनच झाले. वहीत त्याच्या नावापुढे मी लहानपणीच ‘ढ’ लिहून ठेवलं होतं, ते अजून खोडलेलं नाही.